डावा मडगार्ड

जगातल्या अतिमहाग गाड्यांच्या शेजारी बसण्याचा मला पगार मिळत असे. गाडीत नव्हे, शेजारी. गाडीत बसायला मिळालं असतं तर हा लेख दिवाळी अंकात नव्हे, एखाद्या चकचकीत मासिकात आला असता, माझ्या गॉगलमधल्या फोटोसकट. माझी खुर्ची लाकडी होती, बिनहातांची, आणि मुद्दाम थोडी गैरसोयीची केलेली, बसणाऱ्याला डुलकी लागू नये म्हणून. मला तिच्यावरही लागायची.

परवा वाल्डॉर्फहून मुलगा आणि नात आले होते. नातीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच येतं. तिच्या शाळेत आजी-आजोबांच्या नोकऱ्यांवर काहीतरी लिहायचं होतं. मी माझ्या कामाबद्दल तासभर बोलले. तिनं वहीत एक ओळ लिहिली आणि विचारलं, "आजी, म्हणजे तू नुसती बसायचीस?" तिचा बाप हसला. मीही हसले. ते दोघं गेल्यावर घर पुन्हा नेहमीसारखं झालं, फ्रीजचा आवाज ऐकू येण्याइतकं. तेव्हा म्हटलं, नुसतं बसणं म्हणजे काय ते कुणाला तरी नीट सांगावं.

आमचे हे पुण्याहून जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गच्या त्या मोठ्या मोटार कारखान्यात ब्रेकच्या विभागात आले. मी मागोमाग आले, कुकर आणि दोन पैठण्या घेऊन. पैठण्या कशासाठी, हे त्या बाईला विचारायला हवं. ती मीच असले तरी माझी आता तिच्याशी फारशी ओळख नाही. तिला वाटलं होतं, परदेश म्हणजे समारंभ. इथे रविवारी बस नसायची आणि रस्त्यावर माणूस नसायचं. ज्याच्या त्याच्या दाराशी गाडी, गाडीत एक माणूस, काच बंद. ड्रायव्हिंगच्या परीक्षेत मी दोनदा नापास झाले. परीक्षकानं दुसऱ्यांदा फार सौजन्यानं विचारलं, तुमचे यजमान ब्रेकचंच काम करतात ना? त्यानंतर मी गाडीच्या नादाला लागले नाही आणि लागले ती अशी.

गावाबाहेर एका बंद पडलेल्या साखर कारखान्यात एका उद्योजकाचा खासगी संग्रह होता. मी सांगलीची, साखर कारखाना म्हटल्यावर मला भरून आलं. इथे साखर बिटापासून करतात हे नंतर कळलं. संग्रहात इटलीतल्या एकाच कंपनीच्या गाड्या होत्या. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्यांना माझ्या जाहिरातीची गरज नाही. इतिहास मात्र सांगते, कारण रोज ऐकून तो मला आरतीसारखा पाठ झाला होता. धुक्याच्या, डुकरं आणि चीज यांसाठी प्रसिद्ध असलेल्या सपाट मुलखात शर्यतीच्या वेडानं झपाटलेल्या एका माणसानं ती काढली. शर्यतीचा खर्च निघावा म्हणून तो श्रीमंतांना गाड्या विकू लागला, आणि घेणाऱ्यांबद्दल त्याला फारसा आदर नव्हता. पत्रे हातानं ठोकायचे, लाकडाच्या ओंडक्यावर नि वाळूच्या पिशवीवर ठेवून. म्हणून एका गाडीसारखी दुसरी नाही. मग तेल महागलं, गाड्या पडून राहिल्या, मालक बदलले, आसनांचं चामडं पातळ झालं. पुढे जगात नवे श्रीमंत तयार झाले आणि कंपनी पुन्हा तरारली. आता सगळं यंत्र ठोकतं आणि दोन्ही बाजू सारख्या येतात. आमच्याकडे पहिल्या दालनात गर्दी, शेवटच्या दालनातही गर्दी. मधल्या पडत्या काळाच्या दालनात कुणी थांबत नसे. माझी खुर्ची नेमकी तिथे होती.

कामाला जर्मनमध्ये आउफझिष्ट म्हणतात, देखरेख. सकाळी उघडण्यापूर्वी मऊ ब्रशनं गाड्यांवरची धूळ उडवायची. पाणी नाही, फडकं नाही. पहिल्या दिवशी मी घरच्यासारखं ओलं फडकं पिळून बॉनेटवर ठेवलं, तेव्हा संग्रहाचे व्यवस्थापक हेर, म्हणजे श्रीयुत, लुडेके जिन्यावरून असे धावत आले की मला वाटलं आग लागली. दिवसभराचं काम म्हणजे 'कृपया हात लावू नका' म्हणणं. त्यातही कला आहे. हात लागल्यावर म्हणायचं नसतं, खांदा पुढे झुकला की म्हणायचं. बायका पर्स टेकवतात, पुरुष बोटाच्या मागच्या बाजूनं गाल कुरवाळावा तसं करतात. मला पाठ बघूनच कळायचं कोण करणार.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक दंतवैद्य आतला वास घेऊ द्या म्हणून दर महिन्याला विनवणी करायचे. एक बाई पिवळ्या गाडीसमोर बसून लोकर विणत. घटस्फोटात नवऱ्यानं तसलीच गाडी घेतली होती. म्हणाल्या, तो तिला गॅरेजमध्ये झाकून ठेवतो, बघते मीच जास्त.

आणि एक गिऱ्हाईक मी स्वतः. पहिल्याच वर्षी दसऱ्याला मला राहवलं नाही. इतकी वाहनं, आणि एकाच्याही कपाळाला कुंकू नाही. उघडण्यापूर्वी मी सगळ्यात देखण्या रुपेरी गाडीच्या बॉनेटवर हळदीकुंकवाची बोटं उमटवली, चाकापाशी लिंबू ठेवलं आणि प्रसन्न होऊन खुर्चीत बसले. हेर लुडेकेंना ते रक्त वाटलं. त्यांनी मला आधी विचारलं, तुम्हाला कुठे लागलंय का? हा माणूस चांगला आहे हे मला तेव्हा कळलं. हळदीचा डाग काढायला हॅनोव्हरहून खास कारागीर आला. त्यानंतर दर दसऱ्याला हेर लुडेके स्वतः विचारत, आज तो दिवस आहे का? आणि मी दालनाबाहेर, जमिनीवर, एक फूल ठेवायचं असं ठरलं.

आता कार्मेलो.

आमच्या गावात इटालियन म्हातारे पुष्कळ. साठच्या दशकात कारखान्यानं त्यांना आगगाड्या भरभरून आणलं, बराकीत ठेवलं, कामाला लावलं. बरेच इथेच म्हातारे झाले. कार्मेलो दर गुरुवारी दुपारी यायचे. बुटके, टोपी हातात, दाढी गुळगुळीत. बायको वारलेली, मुलगा श्टुटगार्टकडे. ते थेट माझ्या दालनाशेजारच्या लाल दोन आसनी गाडीपाशी जायचे आणि डाव्या मडगार्डसमोर उभे राहायचे.

पहिल्यांदा मी विचारलं, आवडते का? ते म्हणाले, "सिन्योरा, हा मडगार्ड मी ठोकलाय."

जर्मनीला येण्यापूर्वी ते त्या कंपनीत पत्रा ठोकायला होते म्हणे. उजवा मडगार्ड दुसऱ्याचा, तो दारू प्यायचा, म्हणून उजवीकडची वळणरेषा किंचित खाली उतरलीय. मालक मागे येऊन उभा राहिला की हातोडीचा आवाज कसा बदलायचा हेही ते करून दाखवत. आम्हा दोघांचं जर्मन मोडकं, पण मोडायच्या जागा वेगवेगळ्या, त्यामुळे मिळून एक धड भाषा व्हायची. हळूहळू प्रेक्षक थांबू लागले. मी मोठ्या तोऱ्यात सांगायची, हे तिथलेच आहेत. कार्मेलो टोपी छातीशी धरून सुरू करायचे. मला तर डाव्या-उजव्यातला फरक दिसायलाही लागला होता. आदल्या दिवशी बघितलं तेव्हा दिसत नव्हता, पण गुरुवारी हमखास दिसायचा.

एकदा ते सहज म्हणाले, आठवड्यातून या एका तासात माणसं मला प्रश्न विचारतात. बाकी दिवस मला फक्त डॉक्टर विचारतो, आणि त्याला उत्तर नको असतं. मी मान डोलावली. माझी गोष्ट वेगळी नव्हती. घरी हे जेवताना ब्रेकबद्दल बोलत, मुलगा शिकायला येना नावाच्या गावी गेलेला. सांगलीच्या बहिणीला मी फोनवर सांगितलं होतं की मी इतिहास विभागात आहे. तिनं ते साऱ्या गल्लीत सांगितलं, बढतीसकट.

आता आपल्या लोकांची एक खोड सांगते. परक्या गावात मराठी माणूस भेटला की आपण नाव विचारत नाही. गाव विचारतो, मग आडनाव, मग मूळ आडनाव, मग तुमची मावशी मिरजेला दिली होती का, असं करत करत त्याला आपल्या अंगणात ओढून आणतो. मी तर वोल्फ्सबुर्गच्या बाजारात एका बंगाली मुलीची दोन खेपा अशी चौकशी केली होती. गाववाला भेटण्यासारखं सुख नाही, ही माझी तेव्हा खात्री होती. ज्याला गाववाला भेटत नाही तो गरीब, आणि जो भेटवून देतो तो पुण्यवान.

तर कंपनीच्या कुठल्याशा वाढदिवसानिमित्त तिकडच्या निवृत्त कामगारांची एक बस आमच्याकडे येणार असं ठरलं. वार गुरुवार. मला तो ईश्वरी संकेत वाटला. मी हेर लुडेकेंना सांगितलं, पत्रा ठोकणाऱ्यांपैकी एकाला आपल्या कार्मेलोंशी भेटवू. ते म्हणाले, "फ्राऊ पाटील, या गावातला प्रत्येक म्हातारा इटालियन इटलीतल्या त्याच कंपनीतून आलेला असतो." मला ते जर्मन खवचटपण वाटलं. मी त्यांच्याशी दोन दिवस नीट बोलले नाही.

कार्मेलोंना काही सांगितलं नाही. आश्चर्याचा धक्का द्यायचा ना. फक्त म्हटलं, येत्या गुरुवारी चांगला कोट घालून या. ते टायसुद्धा लावून आले. त्यांना वाटलं असावं, माझा वाढदिवस आहे; हातात चॉकलेटचा डबा होता.

बसमधून उतरलेल्यांत नेल्लो नावाचे एक उंच, वाकलेले गृहस्थ होते, अंगठे चपटे, आयुष्यभर पत्रा ठोकलेले. बसबरोबर आलेल्या दुभाषी मुलीकडून मी खात्री करून घेतली, आणि त्यांच्या बाहीला धरून, हो, अक्षरशः धरून, त्यांना लाल गाडीपाशी आणलं. कार्मेलोंना म्हटलं, बघा कोण आलंय, तुमच्या गावचे.

त्यानंतरचं बोलणं इटालियनमध्ये झालं. मला एक शब्द कळला नाही आणि सगळं कळलं. नेल्लो हात पसरून काहीतरी भरभरून बोलले. कार्मेलोंनी दोनच शब्द उच्चारले. नेल्लोंचे हात हवेतच राहिले. त्यांनी पुन्हा, हळू आवाजात, काहीतरी विचारलं. कार्मेलो बुटांकडे बघत होते. आजूबाजूला त्या बसमधली माणसं जमायला लागली होती, आणि ती सगळी हसऱ्या चेहऱ्यानं वाट बघत होती. तेव्हा नेल्लो वळले, डाव्या मडगार्डकडे बघून मोठ्यानं काहीतरी म्हणाले, कार्मेलोंच्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्या घोळक्याला घेऊन पुढच्या दालनात गेले. कार्मेलोंनी चॉकलेटचा डबा माझ्या खुर्चीवर ठेवला. घरी जायची बस चुकेल म्हणाले. त्यांच्या बसला अजून बराच अवकाश होता.

निघताना नेल्लो मुद्दाम माझ्याकडे आले. दुभाषी मुलीनं सांगितलं ते असं: तो गृहस्थ समुद्राकडचा आहे, पार दक्षिणेचा, तोंड उघडल्याबरोबर कळतं. आमच्या पत्रा ठोकायच्या विभागात त्या काळी चार खेड्यांतलेच लोक होते, सगळ्यांच्या आया मला माहीत आहेत. पण मी आमच्या लोकांना सांगितलंय की मडगार्ड उत्तम आहे. तुम्ही त्याला काही बोलू नका.

सांगलीचा माणूस आणि नागपूरचा माणूस मी 'नमस्कार' म्हणतानाच ओळखते. इटलीत मात्र मी एकच गाव वसवून टाकलं होतं.

पुढच्या गुरुवारी कार्मेलो आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. लाल गाडीपाशी लोक यायचे, पाटी वाचायचे, पुढे जायचे. त्यांचा पत्ता माझ्याकडे नव्हता. घरी यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "अगं, खोटंच बोलत होता ना तो? मग बरं झालं." माणूस हुशार, पण ब्रेकचाच. मी त्यांना कसं सांगणार की त्या म्हाताऱ्याचा एक तास गेला, आणि तो तास नसेल तर त्यानं बाहेर पडायचं कशासाठी? आणि माझाही गुरुवार गेला होता, हे तर मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. चॉकलेटं मी खाल्ली नाहीत. हेर लुडेकेंनी खाल्ली, एकेक करून, आणि 'मी म्हटलं नव्हतं का' हे वाक्य त्यांनी एकदाही काढलं नाही.

कार्मेलो वारले त्याला आता बरीच वर्षं झाली. आमचे हेही गेले. तो संग्रह अजून आहे, दरवाज्यावर आता यंत्र तिकीट तपासतं. पण ज्या गुरुवारी कार्मेलो परत आले, तो सांगायचा राहिला.

थंडी सुरू झाली होती. दालनात चिटपाखरू नव्हतं. ते साध्या जाकिटात दाराशी उभे राहिले, आत येईनात. पाहुण्यांना खुर्ची द्यायची आम्हाला मनाई होती. मी उठले आणि म्हटलं, बसा.

ते बसले. टोपी गुडघ्यावर ठेवून म्हणाले, "तो मडगार्ड मी ठोकला नाही."

"माहीत आहे."

"त्यानं सांगितलं?"

"तुमच्या चेहऱ्यानं सांगितलं." मग मला काय सुचलं कोण जाणे, मी त्यांना माझा इतिहास विभाग सांगितला, सांगलीतली बढती सांगितली. ते आधी गंभीरपणे ऐकत होते. मग विचारलं, खात्यात माणसं किती? मी म्हटलं, मी आणि खुर्ची. तेव्हा ते हसले, आणि मी त्या दालनात पहिल्यांदा मोठ्यानं हसले. आवाज पत्र्यांवर आपटून परत आला.

मग मी विचारलं, इतकी वर्षं इथल्या कारखान्यात काय करत होतात? हा प्रश्न मी त्यांना कधी विचारलाच नव्हता. लाल गाडीपुढे मला तो सुचलाही नव्हता.

"दाराचं रबर," ते म्हणाले. "डावं दार."

दार बंद झाल्यावर पाणी आणि वारा आत येऊ नये म्हणून चौकटीभोवती जी रबराची पट्टी असते, ती बसवायची. बस्स. त्यांनी ते इतक्या खालच्या आवाजात सांगितलं की जणू आधीचं खोटं बरं होतं. मी म्हटलं, कशी बसवतात? ते माझ्याकडे बघत राहिले. मी चेष्टा करतेय का, हे चाचपत असावेत. मग उठले, लाल गाडीच्या दाराशी गेले. त्यांचा खांदा पुढे झुकला.

माझ्या नोकरीत मला एकच वाक्य येत होतं आणि मी ते म्हटलं नाही.

खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात करायची, त्यांचा अंगठा फटीवरून सरकत होता. रबर ओढायचं नाही, ओढलं तर थंडीत आखडतं आणि गाडी शिट्टी मारते. ढकलत जायचं, थोडं थोडं, चिमटीनं जास्तीचं आत भरत. वळणावर श्वास धरायचा. अर्ध्यावर ते थबकले, पुन्हा अंगठा फिरवला. "हे ओढून बसवलंय," ते म्हणाले. "हिचा श्रीमंत मालक जन्मभर शिट्टी ऐकत हिंडला असेल." आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की मडगार्ड ठोकताना कधी उजळला नव्हता.

तेवढ्यात एक जोडपं आलं. बाईंनी विचारलं, हे गृहस्थ त्या कंपनीचे आहेत का? मी कार्मेलोंकडे पाहिलं. ते म्हणाले, नाही, मी इथल्या कारखान्यात दाराचं रबर बसवायचो. बाई म्हणाल्या, अच्छा, छान. दोघं क्षणभर सभ्यपणे थांबली आणि रुपेरी गाडीकडे गेली. कार्मेलो त्यांच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता टोपी उचलतात.

मी घाईनं विचारलं, "आणि उजव्या दाराला कोण होतं?"

ते म्हणाले, होता एक. आमची सुट्टीची वेळ वेगळी, बदली माणूस आला की आधी तो जायचा, मग मी. गाडी सरकत पुढे यायची तेव्हा काचेतून त्याचे हात दिसायचे, कधी कानाची पाळी. त्याच्या रबराला कधी सुरकुती नसायची. चांगले हात होते. एका नाताळानंतर हात बदलले, दुसरा कुणी आला.

"बरीच वर्षं होता?"

"बरीच."

मी आपल्या सवयीनं विचारून गेले, नाव काय त्याचं, कुठला होता?

कार्मेलोंनी अंगठा दारावरून काढला आणि जाकिटाला पुसला.

"आमच्या मध्ये कायम गाडी होती, सिन्योरा."